वरून पडणारं पाणी

मे महिन्यातली दुपार होती. नळ येऊन आठ दिवस झाले होते आणि मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रमच्या तळाशी वीत-दीड वीत पाणी उरलं होतं. मी जरा पडले होते, तेवढ्यात करडाचं ओरडणं ऐकू आलं आणि मागोमाग लेकरांचा एकसुरी आवाज. जाऊन बघते तर शेजारच्या मावशींचं करडू माझ्या टॉवेलात गुंडाळलेलं, गल्लीतली सहा-सात लेकरं ओळीनं उभी आणि सहावीतला एक पोरगा माझा तांब्या धरून, चेहरा एकदम पाळकसाहेबांसारखा करून विचारतोय, "या बाळाचं नाव काय?" टॉवेल धरणारी म्हणाली, "शिमोन." मग त्यानं बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, एक शब्दही न चुकता, तीनदा करडाच्या डोक्यावर पाणी ओतलं. करडू शिंकलं. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

मला राग आला तो आधी पाण्याचा, देवाधर्माचा नंतर. खोटं कशाला बोलू? जालन्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. 'जालना सोने का पालना' असं आमच्या गावाबद्दल म्हणतात. पाळणा असेल सोन्याचा, पण त्यातल्या लेकराला अंघोळ घालायची तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. तांब्या हिसकावून घेतला, टॉवेल झटकला, ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण मला चौथ्या शतकातली एक गोष्ट आठवली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात समुद्राकाठी काही पोरं खेळत होती. त्यांतलं एक बिशप झालं होतं आणि बाकीच्यांना रीतसर बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, देत होतं. तिथल्या खऱ्या बिशपनं ते पाहिलं, पोरांना बोलावून चौकशी केली आणि म्हणे ठरवलं की हा बाप्तिस्मा खराच धरायचा, पुन्हा द्यायचा नाही. ते खेळातलं बिशप म्हणजे पुढे खरोखर बिशप झालेला अथनाशियस, असं सांगतात. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पण त्या बिशपनं तांब्या हिसकावला नव्हता एवढं खरं.

पंचवीसेक वर्षं मी आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तरी रविवारची शाळा सुटली नाही. इतक्या वर्षांत बाप्तिस्म्याचा धडा किती वेळा घेतला असेल, मोजलेलं नाही. आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तो मी चुकीचा घेतला, असं आता माझं ठाम मत आहे.

तेव्हा माझी पद्धत साबणाची होती. कपड्याला डाग पडला की आपण काय करतो? धुतो. तसं मनाला पापाचा डाग पडतो, बाप्तिस्म्यानं तो धुतला जातो. सोपं आणि सुटसुटीत. सोबतीला रंगीत पानांचं ते बिनअक्षरांचं पुस्तक होतं, ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांनी पाहिलं असेल. काळं पान म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं मन, सोनेरी म्हणजे स्वर्ग. समोर बसलेली लेकरं सगळी उन्हात रापलेली, काळीसावळी, आणि मी त्यांच्यापुढे काळं पान उचलून धरून म्हणायची, हे पाप. मला त्यात काही खटकायचं नाही, याचंच आता नवल वाटतं.

एका रविवारी दुसरीतली एक पोरगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. फ्रॉकशी चाळा करत म्हणाली, "बाई, मी लहानपणी घाण होते का?" मी म्हटलं, "नाही गं, कोण म्हणालं?" ती म्हणाली, "मग मला कशाला धुतलं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. आदामापासून सुरू करून कुठेतरी नेऊन सोडलं. तिनं मान हलवली, पण ती समजून हलवलेली नव्हती. बाईंना वाईट वाटू नये म्हणून लेकरं हलवतात तशी होती. घरी येऊन आईला सांगितलं. आई तेव्हा हयात होती, ओसरीवर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकरू बरोबर बोललं. आम्हाला काय धुवायला बाप्तिस्मा दिला का? घाण म्हणणारे तर गावात उठता-बसता म्हणतच व्हते. त्याच्यासाठी पाळकसायब कशाला लागतात?"

आईचा बाप्तिस्मा रझाकाराच्या दोन सालं आधीचा. मराठवाड्यातली तिच्या वयाची माणसं काळ असाच मोजतात, रझाकाराच्या आधी नाहीतर नंतर. ती नऊएक वर्षांची असेल. भोकरदन तालुक्यातलं खेडं. गावात एकच आड, तो पाटलाच्या वाड्यापुढे. आमच्या लोकांनी आडाला शिवायचं नाही. खाली बसून वाट बघायची. कुणाला दया आली तर तो पोहरा उंच धरून वरून पाणी ओतायचा, आणि यांनी ओंजळ करून प्यायचं किंवा घागर पुढे करायची. घागरीला पोहरा लागता कामा नये. शिंतोडा उलटा उडाला तरी शिव्या. आई सांगायची, ओंजळीतलं निम्मं पाणी कोपरावरून ओघळून जायचं आणि तहान तेवढीच राहायची.

मग एका पावसाळ्यानंतर जालन्याहून बैलगाडीनं पाळकसाहेब आले. घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. आजा, आजी, चुलते आणि आईच्या कडेवर असलेलं धाकटं भावंडसुद्धा. पाणी ओढ्यातलं, वाळूत झिरा उकरून भरलेलं. पुढचं आईच्या तोंडून ऐकलेलं मी जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्या भाषेत ते नीट उतरत नाही: "मी गुडघ्यावर बसले. वरून पाणी पडलं. मला वाटलं, आता वतून मागं सरकतील, जसे सगळे सरकतात. पण त्यांनी हात तसाच डोक्यावर ठिवला. डोक्याला तेल न्हाई, केसात माती. तरी ठिवला. कोण जातीचे व्हते काय ठाव. हात जड व्हता."

पाणी दोन्हीकडे वरूनच पडलं. आडापाशी पडलं ते शिवू नये म्हणून आणि ओढ्याकाठी पडलं ते शिवूनच. मी बायबलचे इतके वर्ग केले, पण बाप्तिस्म्याचा याहून नेमका अर्थ मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे झालं ते आईला तेव्हा ठाऊक असायचं कारण नव्हतं; पण पाण्याला हात लावणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिला सांगावं लागलं नसतं.

शुद्ध होणं शास्त्रात नाही असं मी म्हणत नाही. पौलाला 'ऊठ, बाप्तिस्मा घे आणि आपली पापं धुऊन टाक' असं सांगितल्याचं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहेच. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात हेही स्पष्ट लिहिलंय की बाप्तिस्मा म्हणजे अंगाचा मळ काढणं नव्हे. ते वाक्य मी कित्येकदा वाचलं होतं आणि पुढे गेले होते. ज्यांच्या चार पिढ्यांना विटाळ म्हणून लांब ठेवलं, त्यांच्या लेकरांना पहिल्याच धड्यात 'तू मळलेला आहेस' असं सांगायचं नसतं. ते नंतर त्यांचं त्यांना कळतं. भावाच्या डब्यातली जिलेबी चोरून खाल्ल्यावर मनात काय होतं, हे लेकरांना माहीत असतं. काळं पान लागत नाही.

आणि हेही सांगून टाकते, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल. बाप्तिस्म्यानं आमच्यातली जात गेली असं नाही. माझ्या लहानपणी एका मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, दोन जातींतून आलेले लोक आपापल्या बाजूच्या बाकांवर बसलेले मी पाहिलेत. आजही सोयरीक जुळवताना हळूच 'मूळचे कोण' असं विचारतात. पाण्यानं आपलं काम केलं. आपण टॉवेल घेऊन लगेच पुसून काढलं.

त्यानंतर मी धडा बदलला. आता सुरुवात यार्देन नदीकाठच्या रांगेपासून करते. रांग म्हटलं की आमच्या लेकरांना काही समजावावं लागत नाही, टँकरपुढे सगळी उभी राहिलेली असतात. योहान बाप्तिस्मा देतोय, लोक रांगेत आहेत: जकातदार, शिपाई, बाया, म्हातारे. आणि त्या रांगेत येशू येऊन उभा राहतो, वय तीसच्या आसपास. योहान म्हणतो, अहो, तुम्ही कशाला, उलट मीच तुमच्याकडून घ्यायला हवा. पण तो रांग मोडत नाही. इथे एखादं हुशार लेकरू हमखास विचारतं, "त्यानं तर पाप केलं नव्हतं, मग त्याला कशाला?" साबणाच्या धड्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता मी विचारते, "टँकरच्या रांगेत तुझ्या आईशेजारी कलेक्टरसाहेब हंडा घेऊन उभे राहिले तर?" लेकरं हसतात. मग गप्प होतात. मग आकाशातून आलेला आवाज सांगते, हा माझा प्रिय पुत्र, याच्यावर मी प्रसन्न आहे. तोवर त्यानं एकही आंधळा बरा केला नव्हता, एकही भाकर वाढवली नव्हती. आधी शाबासकी आणि काम नंतर. निकाल लागल्यावरच जवळ घेणाऱ्या घरांतल्या लेकरांना हे ऐकून खरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट कूश देशाच्या अधिकाऱ्याची. राणीच्या खजिन्यावरचा हा आफ्रिकी माणूस यरुशलेमहून रथातून परत निघालाय, वाट ओसाड, हातात यशया संदेष्ट्याचं पुस्तक, अर्थ लागत नाही. फिलिप्प नावाचा ख्रिस्ती प्रचारक पळत येऊन रथात बसतो, समजावून सांगतो. वाटेत कुठेतरी पाणी दिसतं आणि तो अधिकारी म्हणतो, हे बघा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय अडचण आहे? तो षंढ होता आणि जुन्या नियमशास्त्राप्रमाणे त्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता, हे मोठ्या मुलांना सांगते. एवढ्या लांब जाऊन मंदिराच्या बाहेरूनच परतलेला माणूस. त्याच्या त्या प्रश्नात केवढी धाकधूक असेल. एकदा हे सांगत असताना एक पोरगा ओरडला, "बाई, म्हणजे मलिक अंबरसारखा!" मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं: हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला आणि औरंगाबादेला, तेव्हाच्या खडकीला, जमिनीखालच्या नळांतून पाणी आणणारा मलिक अंबर. नहर-ए-अंबरी लेकरांनी सहलीत पाहिली होती. मी म्हटलं, "साधारण त्याच बाजूचा." त्या दिवसापासून आमच्या वर्गात त्या अधिकाऱ्याचं नाव अंबर पडलं. बायबलमध्ये त्याचं नाव नाहीच, तेव्हा कुणाची हरकत नसावी.

पाणी किती लागतं, हा आमच्याकडे धर्मशास्त्राचा नव्हे, रोजचा प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीत एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि वडीलधाऱ्यांत कुजबूज झाली की पाऊस पडेपर्यंत थांबावं का. लागणार होता एक पेला! मला तेव्हा 'दिदाखे' आठवलं. मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं हे छोटं ग्रीक पुस्तक शेकडो वर्षं हरवलं होतं, ते १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं. त्यात सांगितलंय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार चालत नसेल तर कोमट. आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. लिहिणाऱ्यानं मराठवाडा पाहिला असावा असं वाटतं.

शिंपडायचं की बुडवायचं यावरून मात्र मोठ्यांची भांडणं फार. आमची उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून झाली. त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि जाणत्या वयातच बुडवून देणारेही. म्हणून आमच्याकडे दोन्ही चालतं. कुणी बाळाला चर्चमध्ये आणून नुसतं देवाला समर्पित करतात आणि मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवतो. कॅथलिक शेजाऱ्यांकडे तान्हेपणीच. तिथे धर्मपिता-धर्ममाता उभे राहतात, पांढरं वस्त्र आणि पेटलेली मेणबत्ती देतात, आणि ती मेणबत्ती लेकरांना सगळ्यात आवडते. शिवाय हल्ली नव्या मंडळ्या निघाल्यात, त्या शेततळ्यात बुडवतात. प्लास्टिक निसरडं असतं म्हणून दोर धरून. लहानपणी झालेला बाप्तिस्मा त्या मोजत नाहीत, पुन्हा घ्यायला लावतात.

याच मुद्द्यावर माझ्या वर्गात घडलेला एक प्रसंग मी कुणालाही सांगते. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो आणि त्याच्याबरोबर उठतो. पुरणं म्हटलं की लेकरं घाबरतात, म्हणून मी पेरणीकडे वळते. जालना बियाण्यांचं गाव, सरकी मातीत गाडल्याशिवाय कापूस येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. बी दिसेनासं होतं, मेलं असं वाटतं, मग एक दिवस कोंब वर येतो. एवढं छान जमलेलं असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला: "बाई, पाऊस नाही पडला तर? दुबार बाप्तिस्मा होतो का?"

त्याच्या बापानं त्या साली खरोखर दुबार पेरणी केली होती आणि त्याच्या काकूनं खरोखर शेततळ्यात दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता. त्याला दोन्ही एकच वाटलं यात त्याची काय चूक? मी म्हटलं, 'एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा' असं इफिसकरांच्या पत्रात आहे. पेरणारा देव असेल तर बी वाया जात नाही. उगवायला उशीर लागतो एवढंच. तो म्हणाला, "मग आमच्या कापसाला का नाही असं?" घंटा झाली म्हणून मी सुटले.

लेकराला कितपत कळतं, कुठल्या वयात कळतं, हा वाद आपल्या महाराष्ट्रात कोर्टात लढला गेलाय. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, दहा-बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला. वडील कोर्टात गेले, कोर्टानं मुलगा अजाण म्हणून वडिलांच्या हवाली केला. मग तो जातीत परत घ्यायचा की नाही यावरून सनातनी मंडळींत रण पेटलं आणि त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. नारायण शेषाद्री पुढे आमच्याच जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी गावाबाहेर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. मला मात्र या सगळ्यात तो धाकटाच आठवत राहतो. मिशनरी, वडील, न्यायाधीश, शास्त्री सगळे त्याच्याविषयी बोलले. त्याला स्वतःला काय वाटत होतं, हे कुणी शेजारी बसून विचारलं असेल का?

एका प्रश्नापुढे मात्र माझा सगळा धडा गळून पडला. चौथीतल्या एका मुलीचा भाऊ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेला होता. बाप्तिस्मा राहिला होता. घरात कुणीतरी बाई बोलून गेली असणार, कारण ती मला विचारत होती, "त्याचं नाव लिहिलंच नाही ना देवाकडे?" मोठमोठ्या शास्त्र्यांनी शतकानुशतकं यावर डोकं फोडलंय, कॅथलिक मंडळीच्या शास्त्र्यांनी २००७ साली एक लांब निवेदन काढून सांगितलं की अशा बाळांसाठी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. तिला ते काय सांगणार? मी मार्काचं शुभवर्तमान काढलं आणि येशूनं लेकरांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले, ते तिलाच वाचायला लावलं. ती वाचून म्हणाली, "यात बाप्तिस्मा झालाय का विचारलं नाही." मी म्हटलं, "नाही विचारलं." तिनं पुन्हा वाचलं, बोट ओळीवर ठेवून. मग भावासाठी ठरवलेलं नाव मला कानात सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

तर ते करडू. त्या दुपारी मी टॉवेल वाळत घातला, लेकरांना सरबत दिलं आणि जनावरांना बाप्तिस्मा नसतो हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दोन आठवड्यांनी मावशींच्या दारात व्यापारी आला. करडू अंगानं भरलं होतं, भाव ठरला, त्यानं दाव्याला हात घातला आणि गल्लीतली सगळी फौज धावत आली. सहावीतला पाळक दाव्याला लोंबकळला. "याला नाही विकायचं! याचं नाव शिमोन आहे!" मावशी आमच्यातल्या नाहीत; त्यांना आधी काही उमगेना. व्यापारी हसायला लागला, मग वैतागला. मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही काय शिकवता हो या लेकरांना? आता याला चारा काय तुमचं चर्च घालणार?"

मी म्हटलं, बघू. व्यापारी पुढच्या बाजारी येतो म्हणून गेला. काल नळ आले, तेव्हा माझा ड्रम भरायच्या आधी कुणीतरी त्यातून एक बादली मावशींच्या गोठ्यात नेऊन ठेवली होती.